माजी सैनिक विद्यार्थी
सैन्यातील सेवा संपवून किंवा ती चालू असताना महाविद्यालयात अथवा विद्यापीठात शिक्षण घेणारी व्यक्ती. व्यापक अर्थाने या वर्गात सेवानिवृत्त व सेवामुक्त सैनिकांबरोबरच कार्यरत सैनिक, राखीव दलांतील सैनिक, तसेच सैनिकांचे पती-पत्नी, त्यांची मुले आणि धारातीर्थी पडलेल्यांचे वारस यांचाही समावेश केला जातो. अशा विद्यार्थ्यांना साहाय्य करणे हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४४ पासून शासकीय धोरणाचे व विद्यापीठीय प्रशासनाचे एक स्वतंत्र अंग बनले आहे. या विषयाचा सर्वांत दीर्घ व सर्वांत नोंदलेला अनुभव त्या देशातील असल्याने प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्यावर आधारलेले आहे. या अनुभवातून एक गोष्ट वारंवार प्रत्ययास आली : शासनाने शुल्क भरले की विद्यापीठाचे दार उघडते, परंतु आत आलेला सैनिक पदवीपर्यंत पोहोचतो की नाही, हे बव्हंशी विद्यापीठाच्या स्वतःच्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

माजी सैनिक विद्यार्थी शाळेतून थेट आलेल्या विद्यार्थ्यापेक्षा वयाने मोठा असतो. अनेकदा तो विवाहित असून त्याच्यावर कुटुंबाची जबाबदारी असते. त्याने यंत्रे, शस्त्रे, रुग्ण किंवा माणसांची तुकडी सांभाळलेली असते. मात्र गणित व निबंधलेखन यांचा त्याचा सराव तुटलेला असतो. सैन्यात दिवसाचा प्रत्येक तास आखलेला, अधिकाराची उतरंड स्पष्ट आणि सोबती कायमचे असतात. विद्यापीठात वेळ स्वतः आखावा लागतो, नियम निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेले असतात आणि मदत हवी असल्यास ती मागावी लागते. काहींच्या बाबतीत शारीरिक इजा वा मानसिक आघात यांची भर पडते. तथापि या विद्यार्थ्यांकडे केवळ अडचणींचा समुच्चय म्हणून पाहणे चुकीचे ठरते; चिकाटी, वक्तशीरपणा व उद्दिष्टाची जाण हे त्यांचे गुण अध्यापकांच्या प्रारंभापासून लक्षात आले आहेत.

पार्श्वभूमी : पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेने १९१८ च्या कायद्यान्वये जायबंदी सैनिकांना व्यावसायिक प्रशिक्षण देऊ केले, धडधाकट सैनिकांसाठी मात्र शिक्षणाची तरतूद नव्हती. १९२४ मध्ये त्यांना सेवेबद्दल अधिलाभांशाची प्रमाणपत्रे देण्यात आली. परंतु त्यांची रक्कम १९४५ मध्ये मिळावयाची होती. महामंदीत ती रक्कम तत्काळ मिळावी, या मागणीसाठी १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक वॉशिंग्टन येथे जमले. २८ जुलै १९३२ रोजी जनरल डग्लस मॅकार्थर (१८८०–१९६४) याच्या आधिपत्याखालील सैन्याने त्यांना हुसकावून लावले व त्यांच्या झोपड्या जाळल्या गेल्या. देशासाठी लढलेल्यांवर देशाच्याच सैन्याने चालून जावे, हे दृश्य जनमानसात खोलवर रुतले. दुसऱ्या महायुद्धात सु. १ कोटी ६० लक्ष स्त्री-पुरुषांनी सैन्यात सेवा केली. ही सर्व मंडळी एकाच वेळी रोजगाराच्या शोधात परतली, तर मंदी व असंतोष पुन्हा उद्भवेल, ही भीती १९४४ च्या कायद्यामागे होती. कृतज्ञतेइतकाच धोरणी विचारही त्यात होता.

१९४४ चा कायदा : ‘सैनिक पुनःस्थापना अधिनियम’ या नावाच्या आणि ‘जी. आय. बिल’ या नावाने सर्वतोमुखी झालेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट (१८८२–१९४५) यांनी २२ जून १९४४ रोजी स्वाक्षरी केली. ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे हॅरी कोलमेरी यांनी त्याचा मसुदा तयार केला होता. किमान ९० दिवस सेवा केलेल्या व अप्रतिष्ठित रीत्या बडतर्फ न झालेल्या सैनिकास एक वर्ष अधिक सेवाकालाइतका काळ, कमाल चार वर्षेपर्यंत, शिक्षण घेता येत असे. शुल्क, पुस्तके व साहित्य यांसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची रक्कम शासन थेट संस्थेस देई. त्याशिवाय अविवाहित विद्यार्थ्यास दरमहा ५० डॉलर आणि आश्रित असलेल्यास ७५ डॉलर निर्वाहभत्ता मिळे. हे दर पुढे वाढविण्यात आले. ५०० डॉलरमध्ये त्या काळी नामवंत खाजगी विद्यापीठांचेही शुल्क भागत असल्याने संस्थेची निवड पैशावर अवलंबून राहिली नाही.

या योजनेविषयी शिक्षणतज्ज्ञ साशंक होते. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्झ (१८९९–१९७७) यांना विद्यापीठे बेकार भटक्यांचे आश्रयस्थान बनतील असे वाटले. हार्व्हर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कोनंट (१८९३–१९७८) यांचा आक्षेप असा, की कायद्याने कुवतीनुसार निवड केलेली नाही. प्रत्यक्षात या विद्यार्थ्यांनी नेटाने अभ्यास केला; युद्धोत्तर पाहण्यांत त्यांचे गुण इतरांच्या तोडीचे वा किंचित सरस आढळले आणि कोनंट यांनी आपले मत बदलले. १९४७ या परमोच्च वर्षी महाविद्यालयीन प्रवेशांपैकी ४९ टक्के प्रवेश माजी सैनिकांचे होते. २५ जुलै १९५६ रोजी योजना संपली, तोपर्यंत सु. ७८ लक्ष माजी सैनिकांनी तिचा लाभ घेतला होता. त्यांपैकी सु. २२ लक्ष महाविद्यालयांत व विद्यापीठांत शिकले. उरलेल्यांनी व्यवसायशाळा, कारखान्यांतील उमेदवारी व शेतीचे प्रशिक्षण हे मार्ग पत्करले.

विद्यापीठांतील परिवर्तन : एवढ्या मोठ्या संख्येस सामावून घेताना विद्यापीठांना आपली रीत बदलावी लागली. वर्ग सकाळपासून रात्रीपर्यंत भरू लागले, उन्हाळी सत्रे वाढली. सैन्याच्या पत्र्याच्या अर्धगोल बराकी व चाकांवरील घरे विद्यापीठांच्या आवारात येऊन त्यांत विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. तोपर्यंत विवाहित विद्यार्थी ही अपवादात्मक बाब होती. इलिनॉय विद्यापीठाने १९४६ मध्ये शिकागो येथील नौदलाच्या धक्क्यावर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची शाखा उघडली. तिच्यातूनच पुढे त्या विद्यापीठाचे शिकागो येथील केंद्र विकसित झाले. कोलंबिया विद्यापीठाने १९४७ मध्ये ‘स्कूल ऑफ जनरल स्टडीज’ ही विद्याशाखा स्थापन केली. परतलेल्या सैनिकांची गरज हे तिचे मुख्य निमित्त होते. शिक्षणात खंड पडलेल्या प्रौढांना पूर्ण पदवी देणारी ही विद्याशाखा आजही चालू आहे.

सैन्यात मिळविलेले ज्ञान मोजावयाचे कसे, हा दुसरा प्रश्न होता. शालान्त परीक्षा पूर्ण न केलेल्या सैनिकांसाठी १९४२ मध्ये समकक्षता चाचण्या तयार करण्यात आल्या. नागरिकांतही पुढे त्या रूढ झाल्या. ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ या संस्थेने सैनिकी अभ्यासक्रमांची छाननी करून प्रत्येकास किती विद्यापीठीय श्रेयांक देणे योग्य आहे याची शिफारस करणारी मार्गदर्शिका सिद्ध केली. हे काम अद्याप चालू आहे. अनुभवजन्य ज्ञानाला विद्यापीठीय मान्यता देण्याची पद्धती अशा रीतीने सैनिकांच्या निमित्ताने रुजली.

उणिवा : कायद्याच्या शब्दांत वर्णभेद नव्हता, त्याच्या अंमलबजावणीत मात्र तो होता. लाभांचे वाटप स्थानिक कार्यालयांच्या व संस्थांच्या हाती असल्याने दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय सैनिकांना गोऱ्यांच्या विद्यापीठांत प्रवेशच नव्हता आणि कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत जागा व वसतिगृहे अपुरी असल्याने हजारोंना परत जावे लागले. सेरा टर्नर व जॉन बाउंड या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवून दिले, की दक्षिणेबाहेर जन्मलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या महाविद्यालयीन शिक्षणात या योजनेमुळे लक्षणीय भर पडली. दक्षिणेत जन्मलेल्यांच्या बाबतीत मात्र ती जवळजवळ पडली नाही. एकच कायदा, एकच हक्क. परंतु प्रवेश देणारी संस्था बदलली की फळ बदलले.

‘निळी सेवामुक्ती’ या नावाने ओळखला जाणारा, प्रतिष्ठित नव्हे व अप्रतिष्ठितही नव्हे असा शेरा अनेक कृष्णवर्णीय व समलिंगी सैनिकांच्या माथी मारला गेला आणि त्या आधारे त्यांना लाभ नाकारण्यात आले. महाविद्यालयीन लाभ घेतलेल्यांत स्त्रियांची संख्या सु. ६०,०००, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास होती. शासकीय पैशावर डोळा ठेवून निघालेल्या निकृष्ट खाजगी व्यवसायशाळांचाही सुळसुळाट झाला. त्याची चौकशी काँग्रेसच्या समितीने केली व १९५२ च्या कायद्यात असा निर्बंध घातला गेला, की अशा शाळांच्या अभ्यासक्रमातील ८५ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी शासकीय खर्चाने शिकणारे असू नयेत.

नंतरचे कायदे : कोरियन युद्धातील सैनिकांसाठी केलेल्या १९५२ च्या कायद्याने संस्थेस शुल्क देण्याऐवजी विद्यार्थ्यास दरमहा एकच रक्कम देण्याची पद्धत आणली. तीतून शुल्क व निर्वाह दोन्ही भागवावे लागत. १९५६ मध्ये युद्धात वा सैनिकी सेवेमुळे मृत्यू पावलेल्यांच्या मुलांसाठी आणि १९६८ मध्ये विधवा व संपूर्णतः अपंग सैनिकांच्या पत्नी यांच्यासाठी शैक्षणिक साहाय्य सुरू झाले. व्हिएटनाम युद्धाच्या काळातील १९६६ च्या कायद्याने शांतताकालीन सैनिकांनाही लाभ दिला. परंतु प्रारंभीची दरमहा १०० डॉलरची रक्कम वाढत्या शुल्कापुढे तुटपुंजी ठरली. सक्तीची भरती १९७३ मध्ये बंद झाल्यावर शिक्षणाचा लाभ हे भरतीचे आकर्षणही बनले. १ जुलै १९८५ पासून अमलात आलेल्या मंटगॉमरी योजनेत सैनिकाच्या वेतनातून पहिले बारा महिने दरमहा १०० डॉलर कापले जात. याच काळात युद्धाच्या मानसिक परिणामांची वैद्यकीय ओळख स्पष्ट झाली. १९८० मध्ये आघातोत्तर तणाव विकृती हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या अधिकृत सूचीत समाविष्ट झाले.

११ सप्टेंबर २००१ नंतरच्या युद्धांतील सैनिकांसाठी ३० जून २००८ रोजी संमत झालेला व १ ऑगस्ट २००९ पासून अमलात आलेला कायदा १९४४ च्या कायद्याच्या मूळ रचनेकडे परतला. ३६ महिने सेवा केलेल्यास सार्वजनिक विद्यापीठातील राज्यरहिवाशांचे संपूर्ण शुल्क, स्थानिक घरभाड्याशी निगडित मासिक भत्ता आणि पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत साहाय्य, असे एकूण ३६ महिने, म्हणजे साधारणतः चार शैक्षणिक वर्षे, मिळते. कमी सेवेस प्रमाणशीर लाभ असतो. सहा वर्षे सेवा झालेला सैनिक आणखी चार वर्षांची हमी देऊन हा हक्क पती-पत्नीस वा मुलांस हस्तांतरित करू शकतो. खाजगी विद्यापीठाचे शुल्क कमाल मर्यादेहून अधिक असल्यास वरच्या रकमेचा काही भाग विद्यापीठ सोसते व तेवढाच शासन देते. या योजनेस ‘यलो रिबन’ म्हणतात. २०१७ च्या सुधारणेने, १ जानेवारी २०१३ रोजी वा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांवरील १५ वर्षांची कालमर्यादा रद्द केली. त्या सुधारणेस कोलमेरी यांचे नाव देण्यात आले. ‘कोरिंथियन’ (२०१५) व ‘आय. टी. टी.’ (२०१६) या मोठ्या नफेखोर संस्था कोसळून ज्यांचे हक्काचे महिने वाया गेले, त्यांना ते परत देण्याची तरतूदही तीत आहे.

विद्यापीठातील साहाय्यव्यवस्था : कायद्याने मंजूर केलेला हक्क विद्यार्थ्याच्या हाती पडण्यासाठी विद्यापीठात काही कामे नियमितपणे व्हावी लागतात. त्यांतील पहिले प्रमाणनाचे. प्रत्येक संस्थेतील नियुक्त अधिकारी विद्यार्थ्याने किती व कोणते विषय घेतले हे माजी सैनिक कार्य विभागास कळवितो. विषय पदवीच्या आराखड्यातील नसेल, तर त्याचे शुल्क मिळत नाही. विद्यार्थ्याने एखादा विषय मध्येच सोडला, तर दिलेली रक्कम त्याच्या नावे कर्ज म्हणून पडू शकते. घरभाडे-भत्ता महिना संपल्यावर मिळतो आणि दोन सत्रांमधील सुटीचा भत्ता ऑगस्ट २०११ पासून बंद झाला आहे. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत कुटुंबवत्सल विद्यार्थ्याची ओढाताण होते. २०१८ च्या शरद सत्रात विभागाच्या संगणकयंत्रणेतील बिघाडामुळे हजारो विद्यार्थ्यांचे भत्ते रखडले. त्याच वर्षीच्या कायद्याने असे ठरविले, की शासनाकडून शुल्क येण्यास विलंब झाला म्हणून संस्थेने विद्यार्थ्यास दंड करू नये वा वर्गाबाहेर ठेवू नये. हा नियम क्षुल्लक वाटला, तरी घरभाडे थकलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने शिक्षण चालू राहणे वा सुटणे त्यावर अवलंबून असते.

दुसरे काम पूर्वशिक्षणाच्या मूल्यमापनाचे. सैनिकाच्या प्रशिक्षणाची अधिकृत गुणपत्रिका विद्यापीठाकडे येते. श्रेयांक द्यावयाचे की नाही, हे विद्यापीठ ठरविते. अनेकदा ते ‘ऐच्छिक’ म्हणून नोंदले जातात व पदवीसाठी आवश्यक विषयांत त्यांची गणना होत नाही. युद्धभूमीवर जखमींवर उपचार केलेल्या वैद्यकीय साहाय्यकास परिचर्येच्या प्रथम वर्षातील प्राथमिक पाठ पुन्हा गिरवावे लागतात. तेव्हा श्रेयांकांची संख्या नव्हे, तर ते कोणत्या विषयाच्या जागी धरले जातात, हे महत्त्वाचे ठरते. संबंधित विभागातील अध्यापकांनी हा निर्णय आधीच करून त्याची सूची प्रसिद्ध केलेली असल्यास विद्यार्थ्याचा वेळ व हक्काचे महिने वाचतात.

तिसरे काम आरोग्य व समुपदेशन यांचे. मेंदूवरील आघात, श्रवणदोष, निद्रानाश, तणाव विकृती यांसारख्या इजा बाहेरून दिसत नाहीत. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यान्वये व १९९० च्या अपंगविषयक कायद्यान्वये परीक्षेस अधिक वेळ, शांत खोली, टिपणे घेण्यास मदतनीस अशा सवलती मिळू शकतात. परंतु त्या मागणे म्हणजे दुर्बलता कबूल करणे, अशी सैनिकी संस्कारातून आलेली भावना आड येते. म्हणून समुपदेशक माजी सैनिकांच्या कक्षातच बसविण्याची प्रथा काही विद्यापीठांनी पाडली. माजी सैनिक कार्य विभागाने २००९ मध्ये साउथ फ्लॉरिडा विद्यापीठात आपला समुपदेशक प्रथम नेमला व नंतर ही योजना अन्यत्र नेली. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात सुरू झालेल्या ‘ग्रीन झोन’ या उपक्रमात अध्यापक व कर्मचारी यांना सैनिकी जीवनाची तोंडओळख करून दिली जाते; कोणी रोगी आहे असे गृहीत न धरता कोठे पाठवावे एवढे त्यांस ठाऊक असावे, हा तिचा हेतू असतो.

चौथे अंग समवयस्कांच्या संगतीचे. माजी सैनिकांसाठी राखलेली एखादी खोली व अनुभवी विद्यार्थ्याने नवागतास केलेले मार्गदर्शन यांचा उपयोग मोठा असतो, कारण सैन्य सोडताना तुटलेली सोबत तेथे काही अंशी पुन्हा जुळते. २००८ मध्ये स्थापन झालेली ‘स्टुडंट व्हेटरन्स ऑफ अमेरिका’ ही संघटना अशा विद्यार्थिगटांचा महासंघ आहे.

कार्यरत व राखीव सैनिकांच्या बाबतीत सत्राच्या मध्येच कामगिरीवर जाण्याचा आदेश येणे, ही खरी अडचण होय. २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार अशा विद्यार्थ्यास परतल्यावर पूर्वीच्याच शैक्षणिक दर्जावर पुनःप्रवेश देणे संस्थांवर बंधनकारक आहे. सैनिकांच्या पती-पत्नींची अडचण याहून निराळी असते. दर काही वर्षांनी होणाऱ्या बदल्यांमुळे त्यांचे शिक्षण तीन-चार संस्थांत विखुरते व प्रत्येक ठिकाणी काही श्रेयांक गळतात. विद्यार्थ्यांच्या यादीत त्यांची सैनिकी ओळख सहसा नोंदलेली नसल्याने साहाय्य त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून प्रवेशअर्जातच हा प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ होत आहे.

मूल्यमापन : ‘स्टुडंट व्हेटरन्स ऑफ अमेरिका’ने शासकीय नोंदींच्या साह्याने केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सु. ५२ टक्के माजी सैनिक विद्यार्थ्यांनी पदवी वा प्रमाणपत्र पूर्ण केल्याचे आढळले. त्यांतील बहुतेक गळतात, असा जो समज पसरला होता, तो त्यामुळे दूर झाला. तथापि हे आकडे वाचताना सावधगिरी आवश्यक असते. कामगिरीवर गेल्यामुळे अभ्यास थांबलेला विद्यार्थी नेहमीच्या गणनेत ‘गळालेला’ ठरतो, तर दुसऱ्या संस्थेत जाऊन पदवी घेतलेला पहिल्या संस्थेच्या नोंदीत हरवतो.

भारतातील स्थिती : भारतात माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचा भर प्रामुख्याने निवृत्तिवेतन, नोकऱ्यांतील राखीव जागा व व्यवसायप्रशिक्षण यांवर राहिला. सैनिक साधारणतः पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होत असल्याने विद्यापीठीय शिक्षणाचा लाभ मुख्यतः पुढील पिढीस देण्यात आला. १९७१ च्या युद्धानंतर, १९७२ मध्ये, धारातीर्थी पडलेल्या, बेपत्ता वा अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांना शुल्काची भरपाई देण्याची योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तीवर घातलेली दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा टीका झाल्यानंतर २०१८ मध्ये उठविण्यात आली. २००६-०७ पासून माजी सैनिकांची मुले व विधवा यांच्यासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांना जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. सैनिकी प्रशिक्षण व विद्यापीठीय पदवी यांची सांगड घालण्याचे ते परिचित उदाहरण होय.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘अग्निपथ’ योजनेने हे चित्र बदलण्याचा संभव आहे. तीनुसार भरती झालेल्या अग्निवीरांपैकी २५ टक्क्यांपर्यंतच सैनिक चार वर्षांनंतर कायम सेवेत घेतले जावयाचे आहेत. उरलेले ऐन पंचविशीच्या आत-बाहेर नागरी जीवनात परततील. त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात निम्मे श्रेयांक सैनिकी प्रशिक्षणाबद्दल देण्याची तरतूद आहे. या तरुणांपैकी काही नेहमीच्या विद्यापीठांकडेही वळतील. कोणते विषय त्यांना माफ करावयाचे, तुटलेल्या अभ्यासाची भरपाई कशी करावयाची आणि त्यांच्या अडचणींची दाद कोणत्या कार्यालयात लागावयाची, या प्रश्नांची उत्तरे अमेरिकन विद्यापीठांना हजारो विद्यार्थी दारात येऊन उभे राहिल्यावर शोधावी लागली. भारतीय विद्यापीठांना ती आधी शोधून ठेवण्याची सवड व संधी या योजनेने दिली आहे.